कोकणातल्या हवेत घरचे पौष्टिक बार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारच्या पाककृतींना आता तोटा नाही. पण त्यातल्या बऱ्याचशा कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेल्या असतात. सावंतवाडीत किंवा गुहागरात त्याच मापाने बार थापले, तर मृगानंतर ते दुसऱ्याच दिवशी डब्याच्या तळाला चिकटतात. म्हणून इथे आधी हवेचा विचार केला आहे आणि मग चवीचा. जिन्नसही कणकवलीच्या किंवा चिपळूणच्या बाजारात सहज मिळतील असेच घेतले आहेत.

बार म्हणजे शेवटी चिक्कीच ना?

जवळची नातेवाईक म्हणा. चिक्कीत पाक कडक होईपर्यंत चढवतात, त्यामुळे ती कट्‌कन मोडते आणि तिच्यात शेंगदाण्यांच्या जवळजवळ बरोबरीने गूळ असतो. बार चावायला मऊसर असतो, गूळ त्याच्या निम्म्याने पुरतो आणि त्यात धान्य, बिया, सुकामेवा असं चार-पाच गोष्टींचं मिश्रण जातं. आपल्याकडचे पोह्यांचे, अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू चौकोनी थापले असते तर त्यांनाही आज बारच म्हटलं असतं. थापण्याचा फायदा एवढाच, की सगळे तुकडे एका वजनाचे होतात आणि आपण किती खाल्लं ते कळतं. लाडवाच्या बाबतीत ते वळणाऱ्याच्या मुठीवर अवलंबून असतं.

पहिल्यांदाच करते आहे. कुठून सुरुवात करू?

खजुराच्या बारपासून. त्यात पाक नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही.

बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, काजू तुकडा ७५ ग्रॅम, शेंगदाणे ७५ ग्रॅम, नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, तूप एक चमचा, सुंठपूड अर्धा चमचा, थोडी वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका. त्याच्यामुळे गोडी उठून येते आणि आणखी गोड घालायची इच्छा होत नाही.

काजू, शेंगदाणे, तीळ आणि खोबरं वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि शेंगदाणे आतून कच्चे राहतात. खोबरं सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून कढईच्या उरलेल्या उष्णतेवर परतलं तरी पुरतं. शेंगदाण्यांची सालं पाखडून टाका, मग काजू-शेंगदाणे खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर वापरत असाल तर बटण एकदोनदा नुसतं दाबून सोडा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि बार तेलकट होतो. नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून घ्या.

आता कढईत तूप घालून खजूर मंद आचेवर परता. चारपाच मिनिटांत तो उलथन्याने दाबला की सहज मोडतो आणि गोळा व्हायला लागतो. मिश्रणाला एकजीव करणारा तोच. गॅस बंद करून बाकीचं सगळं त्यात घाला आणि तुपाचा हात लावून मळा. तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाडीचा थर थापा आणि वर वाटीच्या बुडाने चांगलं जोर देऊन दाबा. नुसत्या हाताने थापलेला बार कापताना सुटतो, वाटीने दाबलेला सुटत नाही. तासाभराने सुरीला तूप लावून कापा. या मापात साधारण ३० ग्रॅमचे १५ बार होतात.

खजूर फारच ओला निघाला. मिश्रण हाताला चिकटतंय.

काळा मऊ खजूर अनेकदा तसाच असतो. खारकेची पूड किंवा भाजलेलं नाचणीचं पीठ दोनतीन चमचे वाढवा. पीठ कच्चं घालू नका. उलट खजूर कोरडा असेल तर पाणी न शिंपडता आणखी थोडा खजूर घाला. पाण्याचा हात लागलेला बार इथल्या हवेत तीन दिवसांत आंबूस लागतो.

ओट्स हवेतच का?

नाही. जाडे पोहे कोरडे भाजून घेतले की तेच काम करतात, शिवाय चवही आपली वाटते. लाल तांदळाचे पोहे मिळाले तर उत्तम; ते थोडे चिवट असतात म्हणून जास्त वेळ भाजावे लागतात. बोटांत चुरडून पाहा, कुरकुरीत तुटले की झाले. पातळ पोहे घेऊ नका, दाबताना त्यांचा भुगा होतो. साळीच्या लाह्या आणि कुरमुरे हलके असतात, बार फुगलेला दिसतो, पण पावसाळ्यात सगळ्यात आधी तेच सादळतात. ओट्स घरात असतील तर जरूर वापरा, फक्त तेही आधी भाजा. मुद्दाम आणायची गरज नाही.

गुळाचा बार करायचा आहे. पाक किती चढवायचा?

बारमधलं खरं कसब इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोरड्या जिनसांचं वजन २५० ग्रॅम धरा: भाजलेले जाडे पोहे ८० ग्रॅम, शेंगदाणे ८०, काजू ६०, तीळ ३०. त्याला गूळ १२० ग्रॅम, पाणी दोन मोठे चमचे, तूप एक मोठा चमचा. गूळ बारीक चिरून पाण्यात विरघळवा आणि उकळी फुटायच्या आधी गाळून घ्या. गुळात रेती किंवा उसाचं चिपाड असतंच, आणि बारमध्ये दाताखाली आलेला खडा कोणी विसरत नाही.

मग मध्यम आचेवर पाक उकळू द्या. गूळ उकळतो म्हणजे त्यातलं पाणी उडतं. पाणी जितकं कमी, तितकं तापमान वर आणि थंड झाल्यावर पाक तितका कडक. पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत गेला की गार पाण्यात त्याची मऊ गोळी होते. एवढ्यावर उतरवलेला बार पुण्यात कदाचित चालेल, इथे तो पाघळतो. आपल्याला साधारण १२० ते १२५ अंशांवर थांबायचंय. चिक्कीचा पाक १४५ च्या पुढे जातो.

थर्मामीटर नसेल तर वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब टाका. तो पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा केल्यावर गोळी झाली पण दाबल्यावर सपाट झाली, तर आणखी एखादं मिनिट. गोळी उचलल्यावर आकार धरून राहिली, दाबली तर दबली पण चपटी झाली नाही, की ताबडतोब गॅस बंद. गोळी पातेल्यावर टाकल्यावर टण्‌ वाजली तर तुम्ही चिक्कीच्या वाटेला लागलात. मध्यम गॅसवर गोळीबंद ते टणक हे अंतर एकदोन मिनिटांत कापलं जातं, म्हणून कोरडे जिन्नस मोजून, मिसळून, ओट्यावर तयार ठेवल्याशिवाय पाक चढवू नका. फोन वाजला तर वाजू द्या.

तूप पाकात शेवटी घाला, जिन्नस ओता, भराभर हलवा आणि ताटात थापा. खाचा गरम असतानाच पाडून ठेवा, पूर्ण गार झाल्यावर तुकडे सुटे करा. जिन्नस कोमट असतील तर पाक त्यांच्यावर नीट पसरतो, फ्रिजमधून काढलेले गार काजू घातले की पाक तिथल्या तिथे थिजतो. याचे ३० ग्रॅमच्या आसपासचे १२ बार होतात.

पाक कडकच झाला. आता?

मिश्रण घालायच्या आधी लक्षात आलं तर एक चमचा पाणी घालून पुन्हा मंद आचेवर विरघळवा आणि गोळी पुन्हा तपासा. थापून झाल्यावर लक्षात आलं तर त्याला चिक्की म्हणा आणि वाढा.

मऊ राहिला असेल तर मात्र तो पुन्हा कढईत घालायला जाऊ नका, पोहे शिजल्यासारखे होतात. त्याचे लाडू वळा, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा आणि चारपाच दिवसांत संपवा.

पावसाळ्यात बार पाघळतात ते का? काय करू?

कोकण किनाऱ्यावर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार लवकर ओढतं. मिठाची बरणी जशी पाझरते तसाच गुळाचा बार पाझरतो, फक्त थोडा हळू. खजूर आणि मधाचंही तेच.

उपाय दोनच: आत पाणी कमी ठेवा आणि बाहेरचं आत येऊ देऊ नका. म्हणजे जिन्नस नेहमीपेक्षा थोडे जास्त भाजा, पाक वर सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला न्या, बार थापल्यावर पंख्याखाली तासन्‌तास उघडे सोडू नका. हवा दमट असेल तर पंखा काही वाळवत नाही, नुसती दमट हवा फिरवतो. गार झाले की लगेच प्रत्येक बार बटरपेपरात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यात तळाशी भाजलेल्या तांदळाची लहानशी पुरचुंडी ठेवली तर थोडा ओलावा ती घेते.

जुन्या बायका आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, सगळं भाजून, वाळवून, बरण्या भरून ठेवायच्या. बारच्या जिनसांचंही तसंच करा. वैशाखात उन्हं कडक असताना शेंगदाणे, तीळ, पोहे यांना ऊन दाखवा आणि हवाबंद भरा. मग भर श्रावणात फक्त एकदा कढईत गरम करून घेतले की काम भागतं.

आणि पाकात लिंबू पिळायची जी युक्ती बर्फीसाठी सांगतात, ती इथे नको. आंबटपणामुळे उकळत्या पाकातल्या साखरेचं आणखी ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. पाक दाणेदार होत नाही हे खरं, पण बार अधिक ओल धरतो.

काजू कुठले घ्यावेत?

तुकडा किंवा पाकळी. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे आणि चवही आहेच, पण अख्खे मोठे गर बारसाठी कुटायचे म्हणजे पैसे कुटण्यासारखं. काजूवर डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे जे आकडे असतात ते एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतात. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. चवीशी त्याचा संबंध नाही.

फाल्गुन-चैत्रात मिळणारे ओले काजूगर उसळीसाठी ठेवा. त्यात पाणी असतं, बार दोन दिवसांत बुरसतो. आणि परसातल्या बिया घरी फोडायला बसू नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. ते काम कारखान्याला करू द्या.

सालीसकट भाजलेले खारे काजू घालायचे असतील तर बारमधलं मीठ वगळा. साल किंचित तुरट लागते. मला ती गुळाबरोबर आवडते, मुलांना नाही.

ओला नारळ घालून चालेल? घरात नारळच नारळ आहेत.

चालेल, पण मग ती नारळवडी झाली आणि तिचा हिशोब वेगळा. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. साखरेच्या पाकात परतून ते आटवलं तरी पूर्ण जात नाही. असे बार फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. टिकाऊ बारसाठी सुकं खोबरंच. खोबऱ्याची वाटी फोडल्यावर आत पिवळट डाग किंवा साबणासारखा वास आला तर ती चटणीतही घालू नका, बारमध्ये तर नाहीच.

आंबापोळी, फणसपोळी, कोकम यातलं काय घालता येईल?

तिन्ही, आणि बार खऱ्या अर्थाने इथला होतो तो यांच्यामुळे.

आंबापोळी आणि फणसपोळी सुरीने बारीक चौकोनी कातरा. चिकटत असेल तर तुकडे भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवा, सुटे राहतात. बाजारच्या पोळीत बहुधा साखर घातलेली असते, तेव्हा तेवढा खजूर किंवा गूळ कमी करा. घरची, नुसत्या रसाची पोळी असेल तर तसं काही नको. फणसपोळी बरक्या फणसाची, त्यामुळे तिला वास जबरदस्त. १५ बारांना ३० ग्रॅम पुरे. शेजारच्या खोलीतून कळतं.

कोकमाचं थोडं जपून. आमसुलं खारट असतात. दोनतीन आमसुलं पुसून, अगदी बारीक कातरून खजुराच्या बारमध्ये घातली तर गोडाला छान आंबट धार येते. मीठ मात्र मग घालू नका. गुळाच्या बारमध्ये घालायचं असेल तर पाक उतरवल्यानंतर, जिनसांबरोबर. उकळत्या पाकात नाही, कारण वर सांगितलंच. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) किंवा सरबताचं सिरप घालू नका, ते पाणी आहे.

कोकमाने वजन उतरतं म्हणून कोणी बारमध्ये भरपूर घालणार असेल तर तसं करू नये. चव म्हणून घाला.

फणसाच्या आठळ्या?

उकडून, साल काढून, पातळ काप करून कडकडीत वाळवल्या आणि दळल्या तर पीठ छान होतं. नाचणीच्या पिठाच्या जागी निम्मं वापरून पाहा. उकडलेल्या आठळ्या तशाच कुटून घातल्या तर बार टिकत नाही.

नाचणी घातल्यावर बार मातकट लागतो.

पीठ कमी भाजलं गेलंय. मंद आचेवर, सतत हलवत, आठदहा मिनिटं. रंगावर जाऊ नका, नाचणी मुळातच तांबूस असते, वासावर जा. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाकरीच्या पापुद्र्याचा वास आला की झालं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ असेल तर चव आणखी गोडसर लागते, आणि मोड आल्यावर धान्यातलं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. मोड आणून वाळवणं मात्र पावसाळ्याआधी करा.

आता नाचणीच्या कॅल्शियमबद्दल, कारण तो प्रश्न हमखास येतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये हा आकडा खरोखरच मोठा आहे. पण वरच्या मापातली ४० ग्रॅम नाचणी १५ बारांत वाटली की एका बारच्या वाट्याला तीन ग्रॅमसुद्धा येत नाही. म्हणजे कॅल्शियम नऊदहा मिलिग्रॅम. तिळाचं धरलं तर आणखी पंधराएक. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम आहे. ६० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी दोनशेच्या वर देते. तेव्हा बार चवीसाठी आणि भुकेसाठी खा, हाडांसाठी भाकरी खा.

मग प्रथिनं? मुलगा व्यायामशाळेत जातो, त्याला प्रोटीन बार हवाय.

खजुराच्या एका बारमध्ये साधारण ३ ग्रॅम प्रथिनं आणि १३० च्या आसपास कॅलरी होतात. दुकानातल्या प्रोटीन बारवर १० ते २० ग्रॅम लिहिलेलं असतं, कारण त्यात दुधातून किंवा सोयाबीनमधून वेगळी काढलेली प्रथिनांची पावडर असते. घरच्या जिनसांतून तेवढं आणायला गेलात तर बार नाही, वीट होईल.

थोडं वाढवता येतं: नाचणीच्या निम्म्या पिठाऐवजी भाजलेल्या डाळ्यांचं पीठ, काजूच्या काही भागाऐवजी शेंगदाणे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात, काजूपेक्षा जास्तच, आणि भाव कितीतरी कमी. पण मुलाला खरंच प्रथिनं हवी असतील तर बारबरोबर दोन उकडलेली अंडी द्या, किंवा दुपारच्या जेवणात बांगडा एक जास्त वाढा. किनाऱ्यावर राहून प्रथिनांसाठी बारकडे बघायचं म्हणजे गंमतच आहे.

गुळाचा म्हणजे मधुमेहींना चालेल ना?

नाही. बार करणाऱ्यांमध्ये हा गैरसमज सगळ्यात घट्ट बसलेला आहे.

गूळ ही साखरच आहे, थोड्या खनिजांसकट. रक्तातली साखर तीही वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, तर अधिक चांगलं. मध आणि गूळ याच हिशोबात येतात. वरच्या गुळाच्या एका बारमध्ये १० ग्रॅम गूळ आहे. दोन बार आणि दोन गोड चहा झाले की दिवसाचा कोटा जवळपास संपला.

खजूर फळ असल्यामुळे त्याच्याबरोबर तंतू येतात, हे त्याच्या बाजूने. पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग साखरच असते, आणि खजुराच्या एका बारमध्येही ती ९ ग्रॅमच्या आसपास भरते. ‘साखर नाही, फक्त खजूर आहे’ म्हणून तीन खाणाऱ्यांनी हे वाचावं. मधुमेह असेल तर किती आणि केव्हा हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. त्यांच्यासाठी भाजलेले शेंगदाणे-काजू-बिया नुसत्या मूठभर घेणं बारपेक्षा सरळ.

गूळ कोणता? पिवळा की काळा?

फार उजळ पिवळा गूळ बहुधा रसायनाने उजळलेला असतो. गडद तपकिरी घ्या. बाजारात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून वेगळा मिळतो, तो लवकर कडक होतो. बारसाठी साधा गूळच सोयीचा. काकवी चालते पण तिच्यात पाणी जास्त, म्हणून आटवायला वेळ द्या. माडाचा गूळ मिळाला तर एकदा करून पाहा, धुरकट वास येतो आणि काजूला तो शोभतो.

मध घालू का?

थंडीत चालेल. मध थापल्यावर गुळासारखा घट्ट होत नाही, त्यामुळे असे बार फ्रिजमध्येच ठेवावे लागतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचा कुठलाच पदार्थ द्यायचा नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणूबीज असू शकतात आणि घरच्या आचेवर ते मरत नाहीत.

लहान मुलांना कधीपासून द्यावेत?

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे किंवा मोठे दाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी सगळं बारीक कुटा, बार मऊ ठेवा आणि मूल बसून खात असतानाच द्या, खेळता-पळताना नाही.

शाळेच्या डब्यात दुसऱ्या मुलांशी वाटावाटी होते, हेही ध्यानात ठेवा. शेंगदाणे, काजू, तीळ या तिन्हींची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात आणि ती तीव्र असू शकते. घरात कोणाला असेल तर भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, भाजलेले पोहे आणि खजूर एवढ्यावर बार होतो. फक्त खलबत्ता आणि मिक्सरचं भांडं नीट धुऊन घ्या.

उपवासाला?

खजूर, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि राजगिऱ्याच्या लाह्या. पोहे-नाचणीच्या जागी लाह्या घाला. तीळ काही घरांत चालतात, काहींत नाही, सासूबाईंना विचारा.

शेंगदाण्यात दोनचार काळे, बुरसलेले दाणे निघाले. भाजल्यावर चालतील?

नाहीत. दमट जागेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, रंग बदललेले, कडू दाणे निवडून फेका. बरणीत बरेच असतील तर बरणीच रिकामी करा. बार खाताना एखादा घास कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. कोकणात शेंगदाणे पावसाळ्यात पाच किलो आणून ठेवण्यापेक्षा अर्धा-अर्धा किलो आणणं बरं.

किती दिवस टिकतात?

हिवाळ्यात खजुराचे बार बाहेर आठवडाभर, फ्रिजमध्ये तीन आठवडे. गुळाचे बाहेर दोन आठवडे. पावसाळ्यात गुळाचे चारपाच दिवसांत मऊ पडतात, खराब होतात असं नाही. खजुराचे पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये. फ्रिजमधून डबा काढल्यावर तो गार असताना उघडू नका, आत दव धरतं. दहा मिनिटं बाहेर ठेवून मग झाकण काढा.

चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर मुंबईला पाठवायचे असतील तर गुळाचे पाठवा, पाक वरच्या टोकाचा, प्रत्येक बार वेगळा गुंडाळलेला. ट्रेनच्या गर्दीत पिशवी कशाखाली येईल सांगता येत नाही, तेव्हा स्टीलचा डबा. एप्रिल-मेमध्ये गाडीतून नेताना बारवर चॉकलेटचा थर नको.

केळीच्या पानावर थापले तर?

थापायला छान. पान विस्तवावर हलकं शेकून, पुसून, तूप लावून घ्या. गुंडाळून ठेवायला मात्र नको, पानाची ओल बारला लागते.

मुंग्या!

डबा परातीत ठेवून परातीत पाणी. दुसरा उपाय नाही.

विकायला सुरुवात करायची आहे.

आधी एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, नोंदणी करा. घरगुती, लहान प्रमाणात विकणाऱ्यालाही ती लागते आणि अर्ज ऑनलाइन होतो. पाकिटावर पदार्थाचं नाव, जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, तुमचा पत्ता, नोंदणी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, आणि शेंगदाणे-काजू-तीळ असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा.

‘शुगर फ्री’ छापू नका. त्या शब्दांसाठी १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि खजुराचा बार त्याच्या आसपासही येत नाही. ‘प्रोटीन बार’ छापण्याआधी वरचा ३ ग्रॅमचा आकडा आठवा. पर्यटकांना ‘नाचणी-काजू-आंबापोळी’ एवढं लिहिलेलं पुरतं. मालवण किंवा गणपतीपुळ्याला येणारा माणूस घरून निघतानाच आंबा-काजू घ्यायचं ठरवून आलेला असतो.

मुदत अंदाजाने लिहू नका. एका घाण्यातले काही बार बाजूला ठेवा आणि पावसाळ्यात, तुमच्याच घरात, रोज एक उघडून बघा. पहिला खवट किंवा ओलसर लागला त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापा.

कापताना खूप चुरा उरतो. त्याचं काय?

सकाळी दुधात किंवा दह्यावर घाला. गुळाच्या बारचा चुरा केळ्याच्या शिकरणीवरही छान लागतो. बराच साठला तर पुढच्या घाण्यात खजुराबरोबर मळून टाका, वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत काही कळत नाही.